थांबलेल्या छातीतील चालते यंत्र

२ नोव्हेंबर हा परलोकवासी श्रद्धावंतांचा स्मरणदिन. त्या संध्याकाळी आमच्या वसई परिसरातील दफनभूम्या मेणबत्त्यांच्या उजेडाने भरून जातात. कबरींवरील गवत उपटलेले असते, क्रूसांना नवा चुना दिलेला असतो, झेंडूच्या माळा चढलेल्या असतात. एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडीत आम्ही पुढे सरकत असतो आणि कुटुंबे आपापल्या माणसांपाशी उभी असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी एका तरुणाने आम्हाला हळूच थांबविले. त्याच्या वडिलांना त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आम्ही मातीआड केले होते.

"फादर, एक विचारू का? बाबांच्या छातीत पेसमेकर होता. बसवून जेमतेम दोन वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, दहा वर्षं बघायला नको. बाबा तर गेले. पण ते मशीन खाली अजून चालू असेल का?"

आम्ही गडबडलो. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविद्या शिकलो. या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणी शिकविले नव्हते. त्याच्या खांद्यावर हात ठेवून आम्ही प्रार्थना म्हटली आणि पुढच्या कबरीकडे वळलो. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. त्यानंतर डॉक्टर मित्रांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या मुलाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. होय, ते यंत्र चालू असते. हृदय थांबले, श्वास थांबला, तरी पेसमेकर आपले ठोके पाठवीतच राहतो. त्यांना दाद देणारा स्नायू तेवढा उरलेला नसतो. बॅटरी संपेपर्यंत मातीखाली, अंधारात, ती नाडी कोणासाठीही नसताना चालू राहते. हे वाचले त्या रात्री आम्हाला बराच वेळ झोप लागली नाही.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. तेथून निघालेला विजेचा सूक्ष्म संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतो आणि हृदय आकुंचन पावते. वार्धक्याने वा आजाराने हा संदेश वाटेत अडू लागला, की नाडी मंदावते, चक्कर येते, माणूस चालता चालता कोसळतो. स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाचा ४३ वर्षांचा गृहस्थ याच व्याधीने दिवसातून अनेक वेळा बेशुद्ध पडत असे. त्याच्या पत्नीने शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्यामागे सारखा लकडा लावला. अखेर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात लार्सनच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसविण्यात आला. एल्मक्विस्टने बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात राळेसारखे द्रव्य ओतले होते व त्यातच यंत्राचे भाग बसविले होते. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. पुढच्या आयुष्यात लार्सनला वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले. पण तो २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगला. त्याला वाचविणारे सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्याच्या आधी निवर्तले होते.

आरंभीच्या काळात बॅटरीचे आयुष्य अल्प असे. दर एक-दोन वर्षांनी छाती पुन्हा उघडावी लागे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकन अभियंता विल्सन ग्रेटबॅच यांच्या प्रयत्नांनी लिथियमची बॅटरी प्रचारात आली आणि चित्र पालटले. टायटॅनियम धातूच्या घट्ट बंद डबीत बसलेले यंत्र सात-आठ, कधी दहा वर्षांहूनही अधिक काळ चालू लागले. ज्यांना ते बसवावे लागे त्यांतील बहुतेक वयस्कर असत. त्यामुळे एक नवीच गोष्ट घडू लागली. पूर्वी माणूस यंत्राहून अधिक जगत असे; आता यंत्र माणसाहून अधिक जगू लागले.

मग ही यंत्रे मृतांच्या शरीरातून बाहेर कशी येऊ लागली? त्याचे कारण आहे दहन. लिथियमची बंद बॅटरी भट्टीच्या उष्णतेत स्फोट पावते. इंग्लंडमधील सॉलिहल येथील दाहगृहात १९७६ साली असा स्फोट झाल्याची नोंद आहे. तेव्हापासून दहनापूर्वी पेसमेकर काढून घेण्याची पद्धत रूढ होत गेली. कॅथोलिक ख्रिस्तसभेपुरते बोलावयाचे, तर १९६३ साली पवित्र सिंहासनाने दहनावरील जुनी बंदी शिथिल केली. १९८३च्या धर्मविधानातही दफनाची शिफारस कायम ठेवून, श्रद्धेला विरोध म्हणून निवडलेले नसेल तर दहनाला मुभा दिलेली आहे. २०१६ साली रोमने पुन्हा स्पष्ट केले, की अस्थी व रक्षा पवित्र स्थळीच ठेवल्या जाव्यात. अमेरिकेत २०१५च्या सुमारास दहनांचे प्रमाण प्रथमच दफनांहून अधिक झाले. याचा एक परिणाम असा, की अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांकडे मृतांच्या छातीतून काढलेले पेसमेकर साठू लागले. काही कारखान्यांकडे परत जात, काही कचऱ्यात जात, काही खणांत पडून राहत. आणि त्यांतील कित्येकांची बॅटरी अजून ताजी असे.

त्याच वेळी आपल्यासारख्या देशांत काय चालले होते, ते वाचकांना सांगावयास नको. हमाली करणारा, शेतात राबणारा, चार घरची धुणीभांडी करणारी अशी माणसे हृदयाच्या अडलेल्या संदेशाने कोसळत होती. नव्या यंत्राची किंमत अशा घराच्या वर्षभराच्या मिळकतीहूनही अधिक असे. एका बाजूला खणात पडलेली यंत्रे, दुसऱ्या बाजूला यंत्रावाचून मरणारी माणसे. मग अडचण कोठे होती? एक पेटी भरावी आणि पाठवून द्यावी!

असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पेटी भरून पाठविण्याचा इतिहास फारसा गौरवाचा नाही, आणि तो सांगितल्यावाचून पुढची गोष्ट नीट कळणार नाही.

७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात मोठा भूकंप झाला. जग हेलावले. देशोदेशींहून विमाने भरभरून औषधे व वैद्यकीय साहित्य आले. त्याचे वजन भरले सुमारे ५,००० टन. ते नुसते निवडण्यासाठी ५० माणसांना सहा महिने खपावे लागले. त्यांतील जेमतेम ३० टक्के साठा सहज वापरण्याजोगा निघाला आणि सुमारे २० टक्के अखेर नष्ट करावा लागला. कित्येक औषधांची मुदत संपलेली होती, कित्येक थंडीने गोठून निकामी झाली होती. लेबले नाना भाषांतील, ती वाचणार कोण? याच सुमारास युद्धाने पोळलेल्या एरिट्रियात मुदत संपलेल्या ॲस्पिरिनच्या गोळ्यांनी भरलेले सात ट्रक आले. त्या गोळ्या जाळावयासच सहा महिने लागले. पुढे १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियाच्या युद्धात आलेल्या मदतीपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे १७,००० टन औषधे निरुपयोगी असल्याचा अंदाज अभ्यासकांनी मांडला. त्यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च त्यांनी ३ कोटी ४० लाख डॉलर इतका धरला होता. ज्यांच्या घरांवर बाँब पडत होते, त्यांच्याच डोक्यावर हा दानाचा ढिगारा येऊन पडला.

हे दाते दुष्ट होते असे आम्ही म्हणणार नाही. बहुतेकांच्या मनात कळवळाच होता. पण त्या कळवळ्यात आपले कपाट रिकामे करण्याची सोय केव्हा मिसळली, हे त्यांचे त्यांनाही कळले नसावे. काही ठिकाणी तर जाळण्याचा खर्च वाचावा आणि करातही सूट मिळावी, असा व्यवहार झाल्याचा संशय त्या काळी व्यक्त झाला. मलाखी संदेष्ट्याच्या ग्रंथात देव याजकांवर रागावतो तो प्रसंग येथे आठवतो. वेदीवर अर्पण करण्यासाठी लोक आंधळी, लंगडी, रोगट जनावरे आणीत असत. संदेष्टा त्यांना म्हणतो, की असले जनावर आपल्या अधिकाऱ्याला नजर करून बघा, तो ते स्वीकारील काय? आम्हा याजकांना उद्देशून लिहिलेला तो अध्याय आम्हाला नेहमीच बोचतो. जे मोठ्या माणसाला देता येत नाही, ते देवाला कसे देता येईल? आणि जे देवाला देता येत नाही, ते गरिबाला तरी कसे देता येईल?

विशेष म्हणजे, जागतिक आरोग्य संघटनेने मे १९९६ मध्ये औषधदानासाठी जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांचा गाभा याच कसोटीशी जुळतो. चार तत्त्वे त्यांत सांगितली आहेत. दानाचा अधिकाधिक लाभ घेणाऱ्याला व्हावा. घेणाऱ्याची इच्छा आणि त्याचा अधिकार यांचा मान राखावा. गुणवत्तेची दोन मापे नसावीत. जे देणाऱ्याच्या देशात चालत नाही, ते दान म्हणूनही चालू नये. आणि दोघांमध्ये आधी बोलणे झालेले असावे. न मागता काही पाठवू नये. ही सूत्रे १९९९ साली व त्यानंतर पुन्हा सुधारून घेण्यात आली. औषधांसाठी लिहिलेली असली, तरी यंत्रांनाही ती तितकीच लागू पडतात. परदेशातून आलेले आणि सुटा भाग वा दुरुस्त करणारा न मिळाल्याने कोपऱ्यात धूळ खात पडलेले एखादे यंत्र आम्ही मिशनच्या दवाखान्यांतून पाहिलेले आहे.

या नव्या जाणिवेची चिन्हे त्याच दशकात अन्यत्रही दिसू लागली. अमेरिकेतील येल विद्यापीठात भूलतज्ज्ञ डॉ. विल्यम रोझेनब्लॅट यांनी १९९१ साली एक उपक्रम सुरू केला. शस्त्रक्रियेच्या वेळी हाताशी असावेत म्हणून हातमोजे, टाके घालण्याचे धागे, नळ्या इत्यादी बाहेर काढून ठेवतात. रुग्णाला त्यांचा स्पर्शही झालेला नसतो, तरी शस्त्रक्रिया संपताच ते टाकून दिले जातात. हे साहित्य वेगळे काढायचे, निवडायचे, निर्जंतुक करायचे आणि ज्यांनी मागितले त्यांनाच द्यायचे, अशी शिस्त त्यांनी घालून दिली. आर्मेनियात आलेला ढिगारा आणि ही निवडलेली पेटी यांत फरक वस्तूंचा फारसा नाही. मध्ये कोणीतरी बसून केलेल्या कामाचा आहे.

आता आमच्या मुंबईकडे वळू.

वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालय आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे. आमच्यापैकी कोणाकोणाचा जन्म तेथे झाला, कोणाकोणाची माणसे तेथे गेली. उर्सुलाइन धर्मभगिनी ते चालवितात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात काम करणारे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. डॅनियल मस्करेन्हस आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील अंत्यसंस्कार संस्थांकडून मृतांचे पेसमेकर मिळविले. मुंबईत डॉ. यश लोखंडवाला व त्यांचे सहकारी यांनी ते गरजू रुग्णांना बसविले. या कामाचा वृत्तान्त २०१२ साली अमेरिकेच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे आम्हाला फार बोलके वाटतात. अंत्यसंस्कार संस्थांनी दिलेले पेसमेकर होते १२१. त्यांतून बॅटरीचे पुरेसे आयुष्य शिल्लक असलेले म्हणून निवडले गेले ५३. उरलेले ६८ बाजूला ठेवण्यात आले. त्या ५३ यंत्रांनी ५३ गरीब रुग्णांच्या हृदयांना पुन्हा लय दिली. जंतुसंसर्ग झाल्याचे वा यंत्राने दगा दिल्याचे त्यांत आढळले नाही.

वाचकांनी त्या ६८ यंत्रांकडे क्षणभर पाहावे. ती काही मोडकी नव्हती. त्यांतील काही आणखी वर्ष-दोन वर्षे चाललीही असती. "गरिबाला तेवढे तरी मिळाले" असे म्हणून कोणी ती बसविली असती, तर त्याला आकडा मोठा दाखविता आला असता. पण दोन वर्षांनी त्याच मजुराची छाती पुन्हा उघडण्याची पाळी आली असती. आमच्या मते या कामातील खरी भूतदया त्या ५३ इतकीच त्या नाकारलेल्या ६८ मध्ये आहे.

निवडलेल्या यंत्राचा प्रवासही समजून घेण्यासारखा आहे. पेसमेकरचे दोन भाग असतात. एक बॅटरीची डबी आणि दुसरा हृदयापर्यंत जाणारी तार. पुन्हा वापरली जाते ती डबी. तार नवी घालतात. डबी घासून, विशिष्ट द्रावणात ठेवून तिच्यावरील रक्ताचा व ऊतींचा अंश पूर्णपणे काढावा लागतो. बाहेरून संगणकासारख्या यंत्राने तिची बॅटरी आणि तिचे काम तपासावे लागते. पूर्वीच्या रुग्णासाठी ठरविलेल्या खुणा व नोंदी पुसाव्या लागतात. उकळत्या वाफेने आतील भाग बिघडण्याचा संभव असल्याने इथिलीन ऑक्साइड नावाच्या वायूने ती निर्जंतुक करतात. एवढे झाल्यावर रुग्णाला सर्व समजावून सांगायचे, त्याची लेखी संमती घ्यायची, आणि यंत्र बसविल्यावर वर्षानुवर्षे त्याला तपासणीसाठी बोलवायचे. एका डबीमागे हे एवढे हात असतात.

याच डॉक्टरांनी आणि फिलाडेल्फियातील डॉ. बेहझाद पावरी यांनी मिळून २०१२ सालीच आणखी एक वृत्तान्त प्रसिद्ध केला. तो होता डिफिब्रिलेटरचा, म्हणजे हृदयाची लय अकस्मात बेफाम झाल्यास विजेचा झटका देऊन तिला ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राचा. हे यंत्र पेसमेकरहून कितीतरी महाग असते. ८१ रुग्णांना अशी १०६ वापरलेली यंत्रे बसविली होती; काहींना पहिल्याची बॅटरी संपल्यावर दुसरे बसवावे लागले. या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या छातीत ते यंत्र प्रत्यक्ष धावून आले व त्याने लय सावरली. एका परक्या देशातील, परक्या धर्मातीलही असेल, अशा मृताने मागे ठेवलेली वस्तू मुंबईच्या चाळीतील एखाद्या बापाला मध्यरात्री मृत्यूच्या दारातून परत आणते, ही गोष्ट आम्हाला प्रवचनात सांगावयासही मोठी वाटते.

पण येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गुणवत्तेची दोन मापे नसावीत, असे आम्ही वर म्हटले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पेसमेकरचा पुनर्वापर आक्षेपार्ह ठरविला आहे. कारखानदार यंत्रावर "एकदाच वापरण्यासाठी" असे लिहितात. मग जे फिलाडेल्फियातल्या श्रीमंताला बसविता येत नाही, ते वांद्र्यातल्या गरिबाला बसविणे म्हणजे मलाखीच्या काळातील लंगडे कोकरूच नव्हे काय?

आम्ही या प्रश्नावर बराच विचार केला. पहिली गोष्ट ही, की बंदी असणे आणि वस्तू वाईट असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. खुद्द स्वीडनमध्ये, जेथे हे यंत्र जन्मले तेथे, वापरलेले पेसमेकर स्वतःच्याच नागरिकांना बसविले जात. तेथील डॉक्टरांनी १९९८ साली वापरलेली १०० आणि नवी १०० यंत्रे यांची तुलना प्रसिद्ध केली, आणि वापरलेली यंत्रे नव्यांइतकीच सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढला. म्हणजे हे कोकरू त्यांनी आधी आपल्या घरच्या वेदीवर अर्पण केले होते. २०११ साली १८ अभ्यासांतील २,२७० रुग्णांचा एकत्र हिशेब मांडला गेला. जंतुसंसर्गाचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास, नव्या यंत्रांच्या तुलनेत लक्षणीय फरक नाही. यंत्र बिघडण्याचे प्रमाण मात्र शेकडा एकाहून कमी असले, तरी नव्यांहून अधिक आढळले. तार आवळून धरणारा बारीक स्क्रू काढताना दुखावला जाणे, हे त्याचे एक कारण असावे. हा दोष आम्ही मुद्दाम नोंदवितो. दानाची बाजू घेताना दोष झाकणे हेही एक प्रकारचे दुसरे मापच आहे.

कॅनडातील माँट्रियलच्या डॉक्टरांनी २०२० साली याहून मोठा अभ्यास मांडला. मेक्सिको, डॉमिनिकन प्रजासत्ताक, ग्वाटेमाला आणि होंडुरास येथील १,०५१ रुग्णांना पुन्हा निर्जंतुक केलेली यंत्रे बसविली होती. त्यांची तुलना कॅनडातील नवी यंत्रे बसविलेल्या ३,१५३ रुग्णांशी करण्यात आली. दोन वर्षांत जंतुसंसर्ग अनुक्रमे २.० टक्के आणि १.२ टक्के रुग्णांना झाला. शास्त्रीय हिशेबाने हा फरक लक्षणीय ठरला नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सात देशांतील सुमारे ३०० रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचे पहिले निष्कर्ष नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले. त्यात कोणाला नवे आणि कोणाला वापरलेले यंत्र मिळावे, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले होते. पहिल्या ९० दिवसांत वापरलेली यंत्रे नव्यांहून कमी ठरली नाहीत.

म्हणून आमचे मत असे बनले आहे. जे दान तपासले गेले, ज्याचे दोष सांगितले गेले, घेणाऱ्याने जे समजून-उमजून स्वीकारले आणि ज्याची पुढेही काळजी वाहिली गेली, ते दान लंगडे नव्हे. यांतील एक जरी पायरी गाळली, तर मात्र तीच वस्तू लंगडी होते. प्रत्येक गरिबाला नवे यंत्र मिळेल अशी व्यवस्था उभी करणे हे शासनाचे आणि समाजाचे कर्तव्य आहे. वापरलेल्या यंत्रांनी त्या कर्तव्यातून कोणाची सुटका होत नाही. परंतु ती व्यवस्था येईपर्यंत, आज कोसळणाऱ्या माणसाला "थांब" असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही.

दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट आम्ही दरवर्षी ऐकतो. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षरस ओतला, हे सर्वांच्या लक्षात राहते. पण तो तेथेच थांबला नाही. त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशी मालकाला पैसे दिले आणि परत येईन तेव्हा उरलेला खर्च चुकता करीन, असा शब्द दिला. त्याचे तेल घरून आणलेलेच होते, कदाचित अर्धे वापरलेलेही असेल. परत येण्याचा तो शब्द मात्र नवा कोरा होता.

आता थोडे आमच्या धर्मग्रामाविषयी. हे सारे वाचल्यावर एका रविवारी मिस्साविधीनंतर आम्ही आवाहन केले, की आजारपणानंतर घरात पडून राहिलेले साहित्य चर्चच्या सभागृहात आणून द्यावे. पुढच्या रविवारी जो ढीग जमला, तो पाहून आम्हाला आर्मेनिया आठवला. अर्धवट वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, मुदत संपलेली खोकल्याची औषधे, एका चाकाचा टायर नसलेली खुर्ची, कापूस बाहेर आलेल्या कुबड्या आणि एक फाटलेली हवेची गादी. चूक आमचीच होती. आम्ही "आणा" म्हटले, काय आणा ते सांगितले नाही. औषधे आम्ही एकही ठेवून घेतली नाहीत. उरलेल्या साहित्याची धर्मग्रामातील एका निवृत्त परिचारिकेने आणि चार तरुणांनी दोन शनिवार बसून निवड केली. सायकलवाल्याने खुर्चीला टायर बसवून दिला. मग एक वही घातली. वस्तू कोणी दिली, कोणत्या दिवशी धुतली व तपासली, कोणाकडे गेली, केव्हा परत आली, असे चार रकाने तिच्यात आहेत. आता काय हवे आणि काय नको, याची यादी चर्चच्या फलकावर लागते.

पेसमेकरसारखी यंत्रे अर्थातच त्या वहीत बसत नाहीत. ती काढणे, तपासणे, वापरणे हे डॉक्टरांचे आणि रुग्णालयांचे काम आहे. आपल्या देशात १ जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम लागू झाले आहेत. त्यांच्या बाहेर कोणी काही करू नये. कुटुंबांना आम्ही इतकेच सांगतो, की माणूस हयात असतानाच हा विषय घरात बोला आणि आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. मृत्यूच्या दिवशी तो काढण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. मृत देहाचा आदर ही आपली श्रद्धा आहे. छातीतील डबी हा देहाचा अवयव नव्हे, आणि ती काढल्याने त्या आदराला उणेपणा येत नाही.

पुढच्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला तो तरुण पुन्हा भेटला. आम्ही त्याला जे कळले ते सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे बाबांचं ते वाया गेलं, फादर."

आम्ही म्हणालो, "तू त्यांना प्रेमाने मातीत ठेवलंस. तेव्हा तुला ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. त्याचं ओझं बाळगू नकोस."

त्यानंतरच्या रविवारी तो सभागृहात आला. त्याच्या हातात वडिलांचा वॉकर होता. तो त्याने धुऊन पुसून आणला होता, आणि चारही पायांना नव्या रबरी टोप्या बसविल्या होत्या. परिचारिका बाईंनी वही पुढे ओढली आणि पहिल्या रकान्यात त्याच्या बाबांचे नाव लिहिले.